विश्लेषण : कवटी मोजून माणूस कळतो का? बर्लिनमधल्या गुरूचा सिद्धांत आकड्यांनी खोडणाऱ्या इरावती कर्वे

अक्कलकुवा (जि. नंदुरबार) : एखाद्या मुलाला गणित चांगले जमले की आपण म्हणतो, घराण्यातच आहे. एखादा तापट निघाला की म्हणतो, रक्तातच आहे. घरातल्या घरात हे बोलणे फारसे कोणाला लागत नाही. पण हीच गोष्ट एका संपूर्ण समाजाबद्दल बोलली गेली की तिचे कायदे होतात, पोलिसांच्या नोंदवह्या होतात, आणि जर्मनीत झाले तसे कत्तलखानेही होतात.

माणसाची बुद्धी, स्वभाव आणि वागणे यांत शरीराचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हा प्रश्न विज्ञानात आजही चर्चेत आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पुण्याची एक तरुणी हा प्रश्न घेऊन थेट बर्लिनच्या प्रयोगशाळेत गेली होती. तिचे नाव इरावती कर्वे. बहुतेक वाचक त्यांना युगान्तच्या लेखिका म्हणून ओळखतात. पण त्या आधी मानवशास्त्रज्ञ होत्या. मोजपट्टी आणि कॅलिपर हातात घेऊन त्यांनी कवट्या मोजल्या, गावोगावच्या माणसांची शरीरे मोजली, आणि आज अक्कलकुवा तालुका ज्या भागात येतो त्या पश्चिम खानदेशातल्या भिल्ल समाजाची पाहणीही केली. त्यांनी नेमके काय शोधले आणि ते आज का महत्त्वाचे आहे, जाणून घेऊया.

नाव नदीचे, शिक्षण पुण्याचे

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले आणि ती हुजूरपागेच्या शाळेत दाखल झाली.

पुण्यात तिला दुसरे घर मिळाले ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांचे. त्यांची मुलगी शकुंतला ही इरावतीची मैत्रीण. त्या घरात पुस्तके होती, वाद होते आणि देवधर्माबद्दल मोकळेपणाने शंका विचारण्याची मुभा होती. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवल्यावर इरावती मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेल्या. १९२८ मध्ये एमए झाल्या. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात.

याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, जर्मनीत शिकून आलेले. सासरे म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे. पण सुनेने उच्च शिक्षणासाठी परदेशी जावे, याला महर्षींचा विरोध होता. पतीने मात्र पाठिंबा दिला. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावती जर्मनीला निघाल्या.

बर्लिनच्या त्या संस्थेत काय चालत होते?

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये एक नवी संस्था सुरू झाली होती. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था असे तिचे लांबलचक नाव. सुप्रजनन म्हणजे चांगल्या वंशाची माणसे वाढवायची आणि कमअस्सल ठरवलेल्यांची संख्या रोखायची, हा विचार. त्या काळी तो फक्त जर्मनीत नव्हता. ब्रिटन आणि अमेरिकेतही त्याला मोठमोठे समर्थक होते.

संस्थेचे संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांनी १९०८ मध्ये जर्मन वसाहत असलेल्या आजच्या नामिबियात जाऊन रेहोबोथ इथल्या मिश्रवंशीय लोकांचा अभ्यास केला होता आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले होते. वंशांचे मिश्रण हानिकारक असते, असा त्यांचा सूर होता. याच फिशर यांच्याकडे इरावती पीएचडीसाठी दाखल झाल्या.

त्यांना मिळालेला विषय होता मानवी कवटीची असमानता. कोणाचीही कवटी डावीकडून आणि उजवीकडून अगदी एकसारखी नसते. कुठे उजवी बाजू थोडी पुढे असते, कुठे डावी मागे फुगलेली असते. फिशर यांचा कयास असा होता की गोऱ्या युरोपीय लोकांमध्ये तर्कबुद्धी अधिक असते, त्यामुळे त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि त्याला जागा देण्यासाठी त्यांची कवटीही जास्त असमान असते. इतर वंशांच्या कवट्यांत हा फरक दिसणार नाही, असा त्याचा दुसरा अर्थ.

थोडक्यात, हाडाच्या आकारावरून मेंदू, मेंदूवरून बुद्धी आणि बुद्धीवरून वंशाची पायरी, अशी ती साखळी होती. यातली पहिली कडी तुटली की पुढचे सगळे कोसळणार होते.

१४९ कवट्या आणि एक निष्कर्ष

इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय लोकांच्या कवट्या होत्या आणि युरोपाबाहेरच्याही. काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्या माणसांची किंवा त्यांच्या नातेवाइकांची परवानगी घेण्याचा प्रश्नच तेव्हा कोणी विचारत नव्हते. नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला आणि त्यांतल्या मृतांच्या कवट्याही बर्लिनला पोहोचल्या होत्या. अशा अवशेषांपैकी काही जर्मनीने २०११, २०१४ आणि २०१८ मध्ये नामिबियाला परत केले.

मोजणीचे काम किचकट होते. प्रत्येक कवटीच्या दोन्ही बाजूंची मापे घ्यायची, त्यांतला फरक काढायचा, मग गटागटांची तुलना करायची. एवढ्या मोजणीनंतर जे हाती आले ते साधे होते. असमानता सगळीकडे होती. युरोपीय कवट्यांत होती, बाकीच्यांतही होती. वंश आणि असमानता यांचा संबंध दिसत नव्हता.

इथे इरावतींसमोर दोन वाटा होत्या. मार्गदर्शक जगप्रसिद्ध, संस्था त्यांची, पदवी त्यांच्या हातात. विद्यार्थिनी पंचविशीच्या आतली, गुलाम देशातून आलेली, डोक्यावर कर्ज असलेली. आकड्यांना थोडा मुलामा देऊन गुरूंना हवे ते लिहिणे सोपे होते. त्यांनी आकडे सांगत होते तेच लिहिले. २०२४ मध्ये त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि मानवशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. फिशर यांनी या प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरती सर्वात खालची श्रेणी दिली, असे त्यातून समोर येते. पदवी मिळाली आणि १९३० मध्ये इरावती भारतात परतल्या.

पुढे त्या संस्थेचे काय झाले?

इरावती परतल्यावर तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी आनुवंशिक दोष असल्याचे ठरवून माणसांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा आला आणि पुढच्या काळात सुमारे ४ लाख लोकांवर तो चालवला गेला. १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. कोण कोणत्या वंशाचा, याचे दाखले देण्यात या संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते.

फिशर १९४२ पर्यंत संचालक होते. त्यांच्यानंतर आलेल्या ओटमार फॉन फेर्शुअर यांचा एक शिष्य होता योसेफ मेंगेल. आउश्वित्झ छळछावणीतला हा डॉक्टर तिथे मारलेल्या माणसांच्या शरीराचे अवयव याच संस्थेकडे पाठवत होता.

हे सगळे इरावतींनी थांबवले असते का? नाही. एका परदेशी विद्यार्थिनीचा प्रबंध एवढे करू शकत नाही. पण वंशावरून बुद्धी ठरते हा विचार विज्ञान म्हणून मिरवत असताना, त्याच इमारतीत बसून, त्याच कवट्या वापरून केलेली मोजणी त्याच्या विरोधात गेली होती, ही नोंद राहिली.

आजचे विज्ञान काय सांगते?

मेंदूच्या दोन बाजू एकसारख्या नसतात, हे खरे आहे. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी दाखवले की बोलण्याची क्षमता मेंदूच्या एका विशिष्ट भागाशी जोडलेली आहे, आणि पुढे तो भाग बहुतेकांमध्ये डाव्या बाजूला असल्याचे स्पष्ट झाले. उजवा पुढचा भाग किंचित पुढे आणि डावा मागचा भाग किंचित मागे, अशी हलकी पिळवटही अनेक मेंदूंत दिसते. पण ती एखाद्या वंशाची मक्तेदारी नाही.

कवटीचा आकार पिढीगणिक आणि परिस्थितीनुसार बदलू शकतो, हेही तोवर समोर येऊ लागले होते. अमेरिकेतले मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी युरोपातून आलेली कुटुंबे आणि त्यांची मुले अशा सुमारे १८ हजार जणांची मोजमापे घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा वेगळा निघत होता. जी गोष्ट वंशाची कायमची खूण मानली जात होती, ती एका पिढीत हलत होती.

डीएनएच्या अभ्यासाने हे चित्र आणखी स्पष्ट केले. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. उरलेल्या फरकांपैकी बहुतांश फरक एकाच समाजातल्या दोन माणसांमध्ये सापडतात. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हा वाटा सुमारे ८५ टक्के असल्याचे दाखवले.

याचा अर्थ वागण्यात शरीराचा काहीच वाटा नाही, असा होत नाही. झोप, भूक, भीती, काही मानसिक आजारांचा धोका यांत जनुकांचा वाटा असतोच. पण एका माणसाच्या मेंदूत आनुवंशिकता काम करते, यावरून एक समाज दुसऱ्यापेक्षा वरचा ठरत नाही. बाळ पोटात असल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंतच्या साधारण हजार दिवसांत मिळालेले अन्न, आईच्या शरीरातले लोह, आयोडीन आणि घरात कानांवर पडणारी भाषा यांवरही मेंदूची वाढ ठरते. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव वारंवार येते, तिथे हा मुद्दा पुस्तकातला राहत नाही.

मामेबहीण : नाते की स्थळ?

भारतात परतल्यावर इरावती काही वर्षे एसएनडीटी महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला आणि पुढची सुमारे तीन दशके तिथेच काम केले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातमधल्या लांघणज इथे अश्मयुगीन मानवी सांगाड्यांच्या शोधातही त्या होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या महिलांपैकी त्या एक, हेही अनेकांना आठवते.

१९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचे त्यांचे मोठे इंग्रजी पुस्तक आले. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग पाडून कुठे कोणाशी लग्न चालते, कोणाला काय म्हणतात, कोणासमोर डोक्यावर पदर घ्यायचा याची बारकाईने मांडणी केली.

माणसाच्या वागण्यातले नैसर्गिक काय आणि शिकलेले काय, हे समजायला यातले एक उदाहरण पुरेसे आहे. उत्तर भारतातल्या बहुतेक हिंदू कुटुंबांत मामाची मुलगी ही सख्ख्या बहिणीसारखी. तिच्याशी लग्नाचा विचारही किळसवाणा वाटतो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत तीच मामेबहीण हक्काचे स्थळ असते. आणखी दक्षिणेला काही समाजांत मामा स्वतःच भाचीशी लग्न करतो. तिन्ही ठिकाणी माणसाचे शरीर तेच, मेंदू तोच. पण एकाला जे निसर्गाविरुद्ध वाटते, ते दुसऱ्याला रीतसर वाटते. म्हणजे मनातली किळस आणि ओढसुद्धा बऱ्याच प्रमाणात समाज शिकवत असतो.

ब्राह्मण एक, गट आठ

इरावतींनी शरीर मोजणे सोडले नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या समाजांच्या शारीरिक मोजमापांवरचा त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण आता प्रश्न बदलला होता. कोण श्रेष्ठ, हे शोधायचे नव्हते. कोण कोणाचा नातेवाईक, हे पाहायचे होते.

त्याआधी भारतात ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती. नाक जितके सरळ आणि अरुंद तितकी जात वरची, असा त्याचा दावा. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता, त्यामुळे हा विचार सरकारी कागदांतही उतरला.

इरावतींनी कैलास मल्होत्रा यांच्यासोबत १९६८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात समान दर्जाच्या, पण आपापसांत लग्ने न करणाऱ्या महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना होती. सगळ्यांचा दर्जा एक, नाव एक. तरी शरीराच्या दृष्टीने हे गट एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले.

यातून त्यांचा आधीपासूनचा मुद्दा बळकट झाला. पोटजाती म्हणजे एका मोठ्या भाकरीचे मोडलेले तुकडे नव्हेत. त्या शेजारीशेजारी ठेवलेल्या वेगवेगळ्या भाकरी आहेत, ज्यांना नंतर एकच नाव दिले गेले. इथे त्यांचे स्वतःचे गुरू घुर्ये यांच्याशीही मतभेद झाले. बर्लिनमध्ये एका गुरूशी, मुंबईत दुसऱ्या गुरूशी. दोन्ही वेळा आधार होता तो मोजमापांचा.

पश्चिम खानदेशातले भिल्ल

१९६१ मध्ये इरावतींचे पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवरचे पुस्तक मुंबईच्या अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केले. तेव्हाचा पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार हे दोन जिल्हे. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हा भिल्लबहुल पट्टा याच पश्चिम खानदेशात होता.

या पुस्तकाच्या नावातच ते सामाजिक आणि आर्थिक पाहणी असल्याचे स्पष्ट केले आहे. ज्या समाजाच्या स्वभावाबद्दल दीडशे वर्षे सरकारी अधिकारी मते लिहीत आले होते, त्याच्या घर, शेती आणि जगण्याकडे पाहण्याची ती भूमिका होती.

या मतांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातल्या भिल्लांनी बंड केले, तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना जन्मजात लुटारू ठरवले. सैन्याने बंड मिटेना. मग १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव इथे खानदेश भिल्ल कोअर उभी केली. पगार, गणवेश आणि मान मिळाल्यावर ज्यांना लुटारू म्हटले जात होते, त्यांच्यातलेच तरुण शांतता राखणारे शिपाई झाले. माणसे तीच, रक्त तेच. बदलली ती परिस्थिती.

एवढे समोर असूनही ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा वारशाने येतो, असे गृहीत धरून अनेक समाजांच्या नुसत्या जन्मालाच हजेरी लावली. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांच्या पिढ्या त्यात भरडल्या गेल्या. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो रद्द झाला. कायदा गेला, पण संशय अनेक ठिकाणी राहिला.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात इरावतींनी मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या काळात सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली आणि मणिबेलीचे नाव जगभर पोहोचले. उठवलेल्या माणसाचे वागणे कसे बदलते, याची उत्तरे कोयनेच्या पाहणीत आधीच शोधली जात होती.

मग रक्तात काहीच नसते का?

असते. आणि ते अक्कलकुव्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? सिकलसेल हा रक्ताचा आजार आनुवंशिक आहे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, वेदना होतात, जीवही जाऊ शकतो.

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि फक्त वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. समाजातल्या समाजात लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणूनच लग्नाआधी रक्ततपासणीवर भर दिला जातो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली.

हा दोष इथेच जास्त का? अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले की सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत होता, तिथे हे जनुक टिकून राहिले. म्हणजे तो कोणाच्या कमीपणाचा पुरावा नाही. पूर्वजांनी ज्या रोगाशी झुंज दिली, त्याची ती खूण आहे.

इरावतींच्या संपूर्ण कामातला फरक इथे नीट कळतो. आपापसांत लग्ने करणाऱ्या गटांमध्ये जैविक फरक असतात, हे त्यांनी कधी नाकारले नाही. ते त्यांनी स्वतः मोजले. नाकारली ती या फरकांवर रचलेली बुद्धीची आणि योग्यतेची शिडी.

कर्णाचा प्रश्न

युगान्त हे पुस्तक १९६७ मध्ये आले आणि १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या पात्रांकडे त्यांनी देव किंवा दानव म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहिले. गांधारी, कुंती, द्रौपदी, कृष्ण यांनी असे का वागावे, त्यांच्यावर कोणते नाते आणि कोणती परिस्थिती काम करत होती, हा त्या लेखांचा गाभा आहे.

त्यातलाच एक लेख कर्णावर आहे. जन्म राजघराण्याचा, वाढ सूताच्या घरात. मग कर्ण कोण? रक्त त्याला एक ओळख देते, जग दुसरी देते, आणि या दोन्हींच्या ओढाताणीत त्याचे वागणे घडते. महाभारतातला एकलव्यही आठवावा असा. भिल्ल समाज त्याला आपला मानतो. धनुर्विद्या त्याला जन्माने मिळाली नव्हती. ती त्याने सरावाने मिळवली आणि जन्मावरून त्याच्याकडून हिरावून घेतली गेली. आदिवासी मुलांच्या केंद्रीय निवासी शाळांना त्याचेच नाव आहे.

मर्यादा कोणत्या?

इरावतींच्या कामावर टीकाही झाली आहे. बर्लिनमध्ये शिकलेली शरीर मोजण्याची पद्धत त्यांनी दशकानुदशके वापरली आणि समाजाचे मूळ शोधण्यासाठी वंश ही कल्पना पूर्णपणे टाकून दिली नाही. जातीकडे त्यांनी नातेवाइकांचा विस्तारलेला गट म्हणून पाहिले. त्यामुळे जातीतली सत्ता, जमीन आणि अन्याय यांना त्यांच्या मांडणीत कमी जागा मिळाली, असा आक्षेप पुढच्या अभ्यासकांनी घेतला. माणसे मोजताना मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यातली दरी हा तर त्या काळच्या सगळ्याच मानवशास्त्राचा दोष होता.

तरी त्या फक्त मोजत बसल्या नाहीत. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या. सोबत चालणाऱ्या बायकांमध्येही जातीनुसार वेगळ्या पंगती पडतात, हे त्यांनी टिपले आणि त्यावर मराठीत लिहिले. परिपूर्ती, भोवरा, गंगाजल या ललित लेखसंग्रहांत संशोधक आणि गृहिणी, आई आणि प्रवासी अशा त्यांच्या सगळ्या बाजू भेटतात.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या. डेक्कन कॉलेजात त्यांनी उभा केलेला विभाग राहिला, लेखन राहिले. मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे याही लेखिका म्हणून नावारूपाला आल्या.

आज याचा अर्थ काय?

सातपुड्यातल्या वाडीवरून आश्रमशाळेत आलेल्या मुलाची घरची भाषा देहवाली किंवा पावरी असते आणि पुस्तक मराठीत असते. तो पहिल्या वर्षी गप्प बसला, तर कोणीतरी सहज म्हणून जाते की यांच्या डोक्यात अभ्यास शिरतच नाही. हे वाक्य साधे वाटते, पण त्याच्या मागे तीच जुनी साखळी आहे : शरीरावरून मेंदू, मेंदूवरून बुद्धी, बुद्धीवरून समाजाची पायरी.

ती साखळी तपासून पाहण्याचे काम १९३० च्या सुमारास झाले आहे. तिच्यासाठी १४९ कवट्या मोजल्या गेल्या, आणि जिला ती सिद्ध करायला सांगितले होते तिनेच ती खरी नसल्याचे लिहून दिले. त्या मुलाच्या बाबतीत तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्याने सकाळी काय खाल्ले, रक्तात लोह किती आहे, सिकलसेलची तपासणी झाली का, आणि शिक्षकांना त्याची भाषा येते का. या चारही गोष्टी मोजता येतात आणि बदलताही येतात.